कुवासेच्या नगराध्यक्षाचा हात

गणपतीचे देखावे करणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. आतून हे हलतं कसं? आणि विसर्जनानंतर या पुतळ्यांचं तुम्ही काय करता? पहिल्याचं उत्तर मी जन्मभर लपवलं, कारण त्यावर माझं पोट होतं. दुसऱ्याचं टाळलं, कारण ते ऐकून लोक हिरमुसतात. कंसाचा पहारेकरी मिशा उतरवून पुढच्या वर्षी वसुदेव होतो, रावणाची उरलेली मुंडकी राजदरबारात मानकरी म्हणून बसतात. असलं कुणाला ऐकायचं असतं?

आता माझे हात कापतात आणि धंदा मुलानं घेतला नाही, तेव्हा दोन्ही उघड करायला हरकत नाही. या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "बाबलकाका, एखादा गमतीशीर अनुभव लिहा." मला पहिला आठवला तो जपानच्या गावाचा. तो गमतीशीर आहे की काय आहे, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. मी तो जसा झाला तसा सांगतो, तुमचं तुम्ही बघा.

लालबागला एका चाळीच्या तळमजल्यावर माझा गाळा होता. काम असं की बांबू, सुतळी, कागदाचा लगदा आणि खळ यांची माणसं करायची आणि ती हलवायची. हलवणं वाटतं तितकं अवघड नसतं. स्टेजखाली एक मोटर असते. ती पट्ट्यानं एक लाकडी चकती फिरवते. ही चकती गोल नसते, लंबगोल असते, म्हणून आम्ही तिला अंडं म्हणायचो. अंड्यावर एक दांडी टेकलेली, दांडीच्या वरच्या टोकाला पुतळ्याचा हात. अंड्याची उंच बाजू आली की दांडी वर जाते, हात वर जातो. सखल बाजू आली की हात आपल्या वजनानं खाली येतो. एवढ्यावर मी भीमाला गदा मारायला लावली आहे आणि यशोदेला ताक घुसळायला.

ते दिवस द्वैभाषिक राज्याचे होते. मुंबई कुणाची, यावरून घराघरात कढत होतं. सकाळी गिरणीत, संध्याकाळी सभेत, आणि मधल्या वेळात नाक्यावर, सगळीकडे एकच विषय. मीही त्यातलाच. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' हे मी इतक्या कापडी फलकांवर रंगवलं की झोपेतही माझं बोट गादीवर काना-मात्रा काढायचं, असं बायको म्हणायची. आदल्या वर्षी मंडळासाठी मी एक आई आणि तिच्या कडेवरून ओढून नेलेलं मूल असा देखावा केला होता. फौजदारसाहेब आले, बघितलं, आणि मुलावर चादर टाकायला लावली. मग सगळा उत्सवभर लोक रांग लावून चादर बघून गेले.

म्हणून त्या वर्षी मंडळाचा सेक्रेटरी दत्ताराम म्हणाला, "बाबल, आपण असं काहीतरी करू की फौजदाराच्या बापालाही बोट ठेवता येणार नाही." दत्ताराम परळच्या एका गिरणीत साच्यांवर होता. साचा म्हणजे विणकामाचा माग. उंच आवाज, मोठं मन, आणि दुसऱ्याचं वाक्य पूर्ण ऐकून घ्यायची सवय नाही. चार दिवसांनी तो एका जपान्याला हाताला धरून माझ्या गाळ्यात घेऊन आला.

हा हिराई. दत्तारामच्या गिरणीनं जपानी साचे मागवले होते, ते बसवायला आलेला फिटर. पस्तिशीचा, काटकुळा, खिशात कायम एक मेणबत्तीचा तुकडा, कारण लाकडाचा सांधा अडला की तो मेण घासायचा. त्याचं हिंदी साचेखात्यात शिकलेलं होतं. त्यामुळे प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक सणसणीत शिवी यायची, आणि तीही कमरेत वाकून, अत्यंत आदरानं. सांगायची आमची कुणाची छाती झाली नाही. तो जेवायचा शांताक्कांच्या खानावळीत. शांताक्का आमच्या मालवणकडच्या, गिरणीतल्या पन्नास पोरांना जेवण घालणाऱ्या. त्यांनी त्याचं हिरोजी करून टाकलं होतं. "हिरोजी, भात घे रे आणखी. हाडां दिसतत तुझी," असं म्हणून त्या त्याच्या ताटात बांगड्याची कढी ओतायच्या आणि तो वाकून आभार मानत एक शिवी द्यायचा. शांताक्का म्हणायच्या, "देवमाणूस हा."

"हिराई, सांग तुझ्या गावाचं," दत्ताराम म्हणाला.

हिराईनं माझ्या गाळ्याच्या फरशीवर सुताच्या कांड्या मांडल्या. प्रत्येक कांडी म्हणजे एक वस्ती. मधून निळं सूत सोडलं, ती नदी. गावाचं नाव कुवासे. घराघरात तुतीची झाडं, माळ्यावर रेशमाचे किडे. पोरं झोपली की वर किडे पानं खाताना जो आवाज येई, त्याला ते पाऊस समजत, असं त्यानं सांगितलं. ते रेशीम बोटीनं परदेशी जायचं. मग भाव पडला. मग लढाई आली. तुती उपटून रताळी लावली, देवळाची घंटा आणि घरातले माग लोखंडासाठी सरकारनं नेले. लढाईनंतर लोकांनी कसेबसे सुती पट्ट्यापट्ट्याचं कापड विणायला घेतलं. आणि मग सरकार म्हणालं, लहान गावं एकमेकांत मिसळा, नाहीतर शाळा-रस्त्याचे पैसे नाहीत. खालच्या अंगाला मोठं शहर होतं. नगराध्यक्षानं कागदावर शिक्का मारला आणि कुवासे त्या शहरात गेलं. हिराईनं सगळ्या कांड्या एका बाजूला सरकवल्या. "अभी कुवासे नहीं है. सिर्फ बसस्टॉप का नाम है," तो म्हणाला, आणि पुढे नेहमीची शिवी.

दत्ताराम उडालाच. "बघितलंस? लोकांना न विचारता गिळलं की नाही?"

"पूछा था," हिराई म्हणाला. "ऊपरवाले ना बोले, नीचेवाले हाँ बोले. आधा आधा."

हे वाक्य दत्तारामनं ऐकलंच नाही. तो तोवर उठून येरझाऱ्या घालत होता. देखावा ठरला होता. 'जपानमधील एका गावाचा इतिहास.' पहिला भाग रेशमाचा, दुसरा लढाईचा, तिसऱ्यात फितूर नगराध्यक्ष शिक्का मारतो, गावातले दिवे विझतात, आणि दत्ताराम माइकवरून विचारतो, असल्या फितुरांचं काय करायचं? जमलेली जनता काय ते सांगेल. फौजदार काय करणार? जपानवर चादर टाकणार?

मलाही ते फक्कड वाटलं. खोटं कशाला बोलू?

दोन दिवसांनी मी हिराईला एकट्याला बोलावलं. पुतळ्याला चेहरा लागतो, आणि जपानी नगराध्यक्ष मी कुठे बघायला गेलो होतो? विचारलं, "कसा दिसायचा तो?"

"मेरे जैसा."

"तुझ्यासारखा कसा?"

"मेरा बाप है," तो म्हणाला. या वेळी शिवी आली नाही.

मी लगदा खाली ठेवला. म्हटलं, अरे बाबा, मग हे सांगितलंस कशाला? लोक त्याच्या नावानं शिमगा करणार आहेत! त्यावर त्यानं जे सांगितलं ते मी त्याच्याच शब्दांत लिहितो. "तुम लोग रोज बोलता है, हमारा गाव, हमारी मुंबई. मेरे को भी बोलने का मन हुआ."

मग हळूहळू बाकीचं आलं. शाळेचं छप्पर बसलं होतं. नदीवर पूल नव्हता, पुरात दरवर्षी कुणी ना कुणी जायचं. शहर म्हणालं, आमच्यात या, पूल देतो. पंचांचं मत अगदी निम्मं निम्मं पडलं, आणि शेवटचं मत याच्या बापाचं. त्यानं शिक्का मारला. वरच्या अंगाच्या लोकांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. कचेरी बंद झाली तरी म्हातारा रोज सकाळी जाऊन तिची पायरी झाडायचा. पुढच्या थंडीत वारला. वरच्या अंगाचं एकही माणूस मयताला आलं नाही.

"आणि पूल?" मी विचारलं.

"हुआ. अच्छा पूल है."

आता सांगा, माणसानं काय समजायचं? तो म्हातारा फितूर की शहाणा? मी रात्रंदिवस 'झालाच पाहिजे' रंगवणारा माणूस, मला बरं-वाईट कसं स्वच्छ दिसत होतं! आणि हा म्हणतो पूल चांगला आहे. मी म्हटलं, आपण तो भाग गाळू. तो म्हणाला, नको, शिक्का मारला हे खरं आहे, खरं ते दाखवा. मी म्हटलं, मग दत्तारामला सांगतो. तर त्यानं माझा हात धरला. "किसी को मत बोलो." मग जाता जाता, उगाच आठवलं म्हणून सांगावं तसं म्हणाला की लहानपणी आई त्याला बापाला जेवायला बोलवायला कचेरीत पाठवायची. हा दारात उभा राहायचा. बाप वर न बघता म्हणायचा, एक शिक्का राहिलाय, एवढा मारतो आणि येतो.

मी तोच चेहरा केला. हिराईला समोर बसवून, वर वीस-पंचवीस वर्षं चढवून. गाल आत गेलेले, मान जरा वाकलेली. दत्तारामला लठ्ठ, सिगार ओढणारा राक्षस हवा होता. तो पुतळा बघून म्हणाला, "काय रे हे? फितूर माणूस इतका गरीब दिसतो होय?"

"फौजदाराला पटला पाहिजे ना? लठ्ठ केला तर तो म्हणेल, हा आपल्याकडचाच कुणीतरी आहे," मी म्हटलं. थाप बरी लागू पडली.

शिक्का खरा असतो अंगठ्याएवढा. मागच्या माणसाला दिसावा म्हणून मी तो वरवंट्याएवढा केला. मेजावर एक बटण लपवलं. हात खाली आला की बटण दाबलं जाणार आणि मागच्या गावातले दिवे जाणार. फौजदारसाहेब आदल्या दिवशी आले. टोपी काढून त्यांनी नगराध्यक्षाला दोन्ही बाजूंनी न्याहाळलं.

"आपल्याकडच्या कुणासारखा दिसत नाही ना?"

"नाही, साहेब. अस्सल जपानी."

"मग यात वावगं काय आहे?" ते स्वतःशीच बोलले आणि फार विचारात पडून निघून गेले.

पहिल्याच संध्याकाळी मांडव तुडुंब. हवा अशी दमट की खळीचा वास सुटलेला. हिराई पुढेच, बांबूला धरून उभा. मी त्याला सांगून पाहिलं होतं की आज नको येऊ, शांताक्कांकडे बस. ऐकलं नाही. रेशीम झालं, लढाई झाली, लोकांनी घंटा नेताना हळहळ केली. मग नगराध्यक्षावर उजेड पडला आणि दत्तारामनं आवाज चढवला, "आणि हा पाहा तो फितूर!" जनतेनं जी हुर्यो केली ती थेट चिंचपोकळीपर्यंत ऐकू गेली असेल. मी स्टेजखाली मोटरीपाशी होतो, तिथून मला हिराईचे पाय आणि बांबूवरची बोटं तेवढी दिसत होती.

हात वर गेला. आणि राहिला.

झालं होतं असं की दमट हवेनं कोपरातला लगदा फुगला आणि सांधा आवळला. खालून अंडं फिरतच होतं, दांडी दर फेऱ्याला वर येऊन हाताला ठोकरत होती. त्यामुळे हात नुसता अडकला नाही, वरच्या वर थरथरायला लागला. खाली येईना. दिवे जाईनात. कुवासे आपलं लखलखतंय. मग कुणीतरी ओरडलं, "नाही मारणार! म्हातारा शिक्का नाही मारणार!" आणि टाळ्यांचा, घोषणांचा असा कल्लोळ उठला की मूर्तीसमोरच्या समया हलल्या.

दत्ताराम वस्ताद माणूस. एका दमात फिरला. "बंधूंनो, बघा! सत्तेसमोर न झुकणारा हा शूर नगराध्यक्ष!" मिनिटापूर्वी फितूर होता, आता शूर झाला. याच गावचा माणूस म्हणून लोकांनी हिराईला खांद्यावर घेतला. त्याचा चेहरा मी तेव्हा बघितला. तो आनंदी होता म्हणावं तर तसं नाही, रडत होता म्हणावं तर तसंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाना घेऊन स्टेजखाली शिरलो तर दत्तारामनं माझा पाय धरून बाहेर ओढलं. "हात लावलास तर याद राख! कमिटीचा ठराव आहे, बिघाड दुरुस्त करायचा नाही." असला ठराव लालबागमध्ये आधी झाला नसेल, नंतरही नाही. बरं, पाच मिनिटांचं काम. गुपचूप करता आलं असतं. केलं नाही. मित्राच्या बापाची बेइज्जती टळली होती, लोक खूश होते, आणि तरी ते साफ खोटं होतं. तिन्ही गोष्टी एकदम डोक्यात बसेनात.

हिराई रोज यायचा. गिरणी सुटली की तडक, त्याच बांबूपाशी. तो फिटर. कोपर आवळलंय, कुठे आवळलंय, कशानं सुटेल, हे त्याला पहिल्या संध्याकाळीच कळलं असणार. मी एकदा विचारलं, "सोडवू का रे?" तो म्हणाला, "रहने दो." दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "राहू दे ना असंच?" तर तो खिशातला मेणबत्तीचा तुकडा काढून बोटांत फिरवत राहिला. मी शांताक्कांना, नाव न घेता, गोष्ट सांगितली. त्या मासे साफ करत होत्या. "पूल झालो मा? मगे बरां केल्यान म्हाताऱ्यान," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, खवले काढता काढता, "पण गाव गेला मा रे," म्हणून डोळ्यांना पदर लावला. म्हणजे त्यांचाही माझ्यासारखाच घोळ.

पुढे महाराष्ट्र झाला, मुंबईसह झाला. त्या दिवशी मी लालबागच्या रस्त्यावर लहान मुलासारखा नाचलो आहे, आणि त्या आनंदाबद्दल मला आजही तसूभर शंका नाही. ज्या गिरण्यांच्या भोंग्यावर आम्ही उठायचो त्या मात्र पुढे एकेक करून गेल्या. माझा गाळाही गेला. मी आता मुलीकडे अँटॉप हिलला सरकारी वसाहतीत असतो. लालबागला गेलो तर रस्ता विचारावा लागतो. तिथल्या त्या उंच इमारती चांगल्या आहेत, पोरांना लिफ्ट आहे, पाणी चोवीस तास आहे. मी बघतो आणि मला हिराईचं 'अच्छा पूल है' आठवतं. रागावं कुणावर ते कळत नाही.

तर त्या वर्षीच्या विसर्जनाच्या दिवशी सकाळची आरती झाली. मिरवणूक दुपारी निघायची होती, मांडवात दत्ताराम माइकच्या वायरी गुंडाळत होता आणि मी पडदे सोडत होतो. हिराई आला. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, जो मी त्याच्या अंगावर आधी कधी पाहिला नव्हता.

"आज उतारो," तो म्हणाला. "बहुत दिन हुआ. बाप का हाथ दुखता होगा."

दत्तारामनं वायरी खाली ठेवल्या. "बाप?" त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. आपण काय काय बोललो होतो याची त्याला आठवण होत असावी. मग तो उठला आणि स्वतःच मोटर सुरू केली.

कुवासेत दिवे लागले. हात वर थरथरायला लागला. हिराई बूट काढून स्टेजवर चढला, खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढला आणि बापाच्या कोपरात, आतल्या बाजूनं, हळूहळू घासायला लागला. मीही वर गेलो. सांध्यावरचा फुगलेला लगदा नखानं थोडा खरवडला, बाकी सगळं त्यानंच केलं. एका हातानं घासत होता, दुसऱ्या हाताचा पंजा बापाच्या तळहाताखाली धरला होता, म्हणजे एकदम पडू नये. थरथर थांबली. हात सुटला. त्यानं तो आपल्या हातावर तोलत सावकाश खाली आणला आणि मेजावर टेकवला. बटण दाबलं गेलं, आणि मागे कुवासेतले दिवे गेले.

दत्तारामनं मोटर बंद केली. हिराई दोन पावलं मागे सरकला, कमरेत पार खाली वाकला, आणि त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला. आवाज अगदी साधा, घरातल्या घरात बोलतात तसा.

"काय म्हणालास?" मी विचारलं.

त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

"बोला, आखरी शिक्का हो गया, बाबा. चलो, माँ खाने को बुलाती है."